काकांचं एकच क्रियापद

"एकच खोलू मॅडम, पन पुरतं खोलू."

वहीचं नवं पान उघडलं की काका आधी त्यावर उजवा तळवा सपाट ठेवत आणि मग हे वाक्य म्हणत. चालू पंपावर हात ठेवून आत काय बिघडलंय ते ओळखण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली होती. निवृत्तीनंतर पंप सुटले, पण हाताची सवय सुटली नाही. तळवा ठेवल्याशिवाय त्यांना पेन उचलवत नसे.

ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक खोली आहे. मीटिंग, हळदीकुंकू आणि लसीकरण सोडलं तर ती रिकामीच असते, म्हणून रविवारी संध्याकाळी मी तिथे स्पॅनिश शिकवते. आठवडाभर मी एका बॅक-ऑफिसात बसून मेक्सिकोतल्या लोकांच्या तक्रारी ऐकते. रविवारी तीच भाषा तक्रारींशिवाय ऐकावी, एवढाच माझा स्वार्थ. येणारी सगळी आयटी पार्कातली तरुण मंडळी. त्यांना बायोडेटात एक ओळ वाढवायची असते. तीन महिन्यांत स्वतःचं नाव सांगता आलं, कॉफी मागता आली की त्यांचं भागतं आणि खरं सांगायचं तर माझंही भागत होतं.

अशा वर्गाच्या दारात एका रविवारी साठी उलटलेले एक गृहस्थ उभे राहिले. कडक इस्त्रीचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात शंभर पानी वही. "जय भीम मॅडम," म्हणाले आणि पुढचं बोलायच्या आत मी त्यांना सांगून टाकलं, की पंप मागच्या बाजूला आहे. त्या आठवड्यात आमचा पाण्याचा पंप कुरकुरत होता आणि दुरुस्तीला माणूस यायचा होता. माणसाच्या कपड्यांवरून आणि वयावरून आपण केवढा हिशेब मांडून मोकळे होतो, ते तुम्हालाही ठाऊक असेल. ते सरळ मागे गेले. पाच मिनिटांनी परत आले, रुमालाला हात पुसले आणि म्हणाले, "बेअरिंग गेलंय, सेक्रेटरीला सांगा. आता मला स्पॅनिश शिकवा."

मी शरमेने लाल झाले. पोरं हसली. ते मात्र पहिल्या बाकावर बसून वहीला समास आखायला लागले होते. त्या दिवसापासून ते सगळ्यांचे काका झाले.

तर क्रियापद. जगातल्या सगळ्या पुस्तकांत स्पॅनिशची सुरुवात 'बोलणे' या क्रियापदाने होते, म्हणून मीही तेच फळ्यावर लिहिलं. काकांनी हात वर केला. थांबणं याला काय म्हणतात, असं विचारलं. मी म्हटलं, 'एस्पेरार'. ते सरळ चालतं का, की मध्येच अडतं, हा त्यांचा पुढचा प्रश्न. मी सांगितलं, की ते नियमित क्रियापद आहे, अंग तेच राहतं, फक्त शेपट्या बदलतात. त्याच शब्दाचा आशा करणे असाही अर्थ होतो, हे मी उत्साहाने सांगायला गेले, तर त्यांनी हाताने थोपवलं. जादाचं काम नंतर, म्हणाले. त्यांना थांबणं हवं होतं, तेवढंच आणि पुरतं.

त्यांच्या दृष्टीने क्रियापद म्हणजे पंप होता. 'एस्पेर' ही बॉडी. ती एकदा बसली की हलवायची नाही. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते हे सहा बोल्ट. वर्तमान, भूत, भविष्य म्हणजे कुठल्या लाइनवर पंप लावलाय ते. ही कल्पना मला इतकी आवडली, की पुढच्या बॅचला मी ती स्वतःची म्हणून खपवली. एस्पेरो, एस्पेरास, एस्पेरा, एस्पेरामोस, एस्पेरान. फळ्यावर मी नेहमीप्रमाणे पाच रूपं लिहिली आणि 'तुम्ही सगळे'ची जागा कोरी ठेवली. मेक्सिकोत ते रूप कुणी वापरत नाही, आमच्या ऑफिसात त्याचं काही काम नसतं.

काकांनी मान वाकडी करून फळ्याकडे पाहिलं. "मॅडम, सहा भोकं आणि पाच बोल्ट? एक रिकामं कामून?"

मी मेक्सिकोचं कारण सांगितलं. त्यांनी विचारलं, स्पेनमध्ये वापरतात का? वापरतात, म्हटलं. मग लावा, म्हणाले. मी निमूटपणे 'एस्पेराइस' लिहिलं. अकरा वर्षं शिकवत होते, पण ते रूप फळ्यावर लिहिण्याची ती माझी पहिलीच वेळ.

बाकीची मुलं एका महिन्यात बाजारहाट, हवामान, कुटुंब असे धडे उरकून पुढे गेली. काका तिथेच. इतर शब्द ते कानावर पडतील तसे टिपून घेत, पण गृहपाठ फक्त एका क्रियापदाचा. थांबलो ते संपलं असेल तर वेगळं रूप, थांबत होतो आणि तेवढ्यात काही घडलं तर वेगळं, हे कळलं त्या दिवशी ते बेहद्द खूश झाले. घरी गेल्यावर त्यांनी जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर सगळे काळ मोठ्या अक्षरांत उतरवून काढले आणि दिघ्यातल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात भिंतीला लावले. त्यांच्या शेजारच्या मावशी, ज्या त्यांना रोज भाकरी-कालवण आणून देत, मला पुढे सांगत होत्या, की सकाळी नळाला पाणी आलं की बुद्धवंदना आणि ती झाली की 'ते स्पेनचं' असा क्रम असे. आधी मावशींना वाटलं, बायको गेल्यापासून माणूस जरा सरकला.

आज्ञार्थ शिकवला त्याच्या पुढच्या रविवारी ते वर्गात आले ते विजयी मुद्रेनेच. दिघा नाक्यावर बस सुटत होती, ते मागून धावले आणि तोंडातून निघालं "एस्पेरे". बस थांबली. ड्रायव्हरला अरेतुरे कसं करायचं, म्हणून आदराचंच रूप वापरलं, हेही त्यांनी आवर्जून सांगितलं. एक पोरगी म्हणाली, काका, नुसतं ओरडला असता तरी थांबली असती. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "असं कसं? कितीदा ओरडलोय आजवर."

हे सगळं कशासाठी, ते मी दीड महिना विचारलं नाही. माणूस आपणहून सांगेल तेव्हा ऐकावं असं मी म्हणते, पण खरं म्हणजे मी विसरले होते. एकदा वर्ग सुटल्यावर मी कुलूप लावत होते, तेव्हा ते गेटजवळच्या कट्ट्यावर बसलेले दिसले. पोरं गेली का, विचारलं. गेली म्हटल्यावर त्यांनी शेजारी जागा करून दिली आणि बोलायला लागले.

त्यांना एकच मुलगी. इथेच, ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत कामाला होती. स्पेनहून प्रोजेक्टसाठी आलेल्या एका मुलाशी तिचं जमलं, दोघांच्या घरच्यांच्या संमतीने लग्न झालं आणि ती वालेन्सियाला गेली. सात वर्षांची एक नात. सगळं ठीक चाललं होतं. मग दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, काकांची बायको दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेली. मुलगी फोनवर एवढंच म्हणाली, बाबा, थांबा, मी निघाले, उद्या पाचला उतरते.

इथे काकांची पस्तीस वर्षांची नोकरी आडवी आली. कारखान्यात परदेशातल्या इंजिनिअरचे फोन येत. तरुणपणी एकदा 'दहाला फोन करतो' म्हणून निरोप आला आणि हे दहापासून फोनपाशी उभे राहिले. फोन आला तो दुपारी. साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं, परदेशातला माणूस वेळ सांगतो ती त्याच्या घड्याळाची, एवढंही कळत नाही का? काका ते जन्मात विसरले नाहीत. मुलीचे पाच त्यांनी स्पेनचे पाच धरले. साडेतीन तास मिळवले, साडेआठ झाले. तिथून सामान, गाडी, दिघ्याला पोचायला साडेदहा. परभणीकडून जीप करून आलेले नातेवाईक खोळंबलेले, उन्हाने अंगाची लाही होत होती आणि सगळे म्हणत होते, आता पोरीची वाट बघून उपयोग नाही. शेवटी दुपारी चारला काकांनी अंत्ययात्रा काढली. सातला मुलगी बॅग घेऊन गल्लीत शिरली, तेव्हा सगळे परतून हातपाय धूत होते.

"ती येवढंच म्हनली, बाबा, थांबला का नाहीत," काका म्हणाले. "मला त्या टायमाला कळलं, तिनं आपले पाच सांगितले होते. मला तोंडच उघडता आलं नाही."

जलदान विधी होईपर्यंत ती राहिली. सगळ्यांशी बोलली, त्यांच्याशी नाही. गेल्यावर फोन उचलणं बंद. नातीच्या हातात टॅब असतो, ती मात्र आजोबांचा फोन दिसला की आनंदाने उचलते. पण तिला मराठी येत नाही, यांना तिची भाषा येत नाही. 'आईला दे' म्हणून यांनी मोठ्याने मराठीत सांगितलं की पलीकडून कुणीतरी फोन कापतं. दोघं नुसते एकमेकांकडे बघून हसत बसतात.

मी म्हटलं, काका, मला नंबर द्या, मी बोलते तिच्याशी. नाहीतर चिठ्ठी लिहू, एखाद्या नातेवाइकाकडून निरोप देऊ. त्यांनी मान हलवली. चूक त्यांनी केली होती आणि चूक करणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगायची असते. सांगताना चुकलं, तर दुसऱ्याने येऊन दुरुस्त करायची पाळी येऊ नये, म्हणून सगळं क्रियापद खोलायचं. एवढ्याचसाठी ते शिकत होते. नातीला सांगून मुलीला फोनवर बोलवायचं आणि तिला मराठीत सांगायचं, की मी तास चुकलो.

त्या रात्री मी जेवले नाही, असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. जेवले, पण माझे वडील आठवत राहिले. त्यांना मी शेवटचं काय बोलले होते, ते आठवेना.

पुढच्या रविवारी ते वर्गाच्या अर्धा तास आधी आले. स्पेनमध्ये तेव्हा दुपारची जेवणं झालेली असतात. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला आणि मला पडद्यात दिसणार नाही असं बसवलं. नातीने फोन उचलला. कुरळे केस, पुढचे दोन दात पडलेले. काकांनी एकेक शब्द मांडून सांगितलं, आईला बोलाव, मी थांबतो. नात थबकली. आजोबांच्या तोंडून आपली भाषा ऐकून तिचा चेहरा असा काही फुलला, की मला पदर नसताना पदर डोळ्यांना लावावासा वाटला. ती धावत गेली. परत आली आणि गंभीर होऊन एक वाक्य म्हणाली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. वाक्याचा अर्थ होता, 'आई म्हणते आहे की ती घरी नाही.'

लहान मुलं निरोप असाच देतात, वेष्टणासकट. मी वेष्टण काढून टाकलं. म्हटलं, काका, आई घरी नाही. ते "बरं" म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं. एका म्हाताऱ्या माणसाचं मन आपण सांभाळलं, असं वाटलं. पुढचे चार रविवार तसंच झालं. तेच बोलावणं, तेच वाक्य, तेच माझं भाषांतर. मुलगी दर रविवारी कुठे जाते, असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, तिकडे लोक रविवारी फिरायला जातात.

मला माहीत नव्हतं, की काका ते वाक्य ऐकू आलं तसं देवनागरीत उतरवून घेत होते. कारखान्याच्या लॉगबुकात जे दिसलं ते लिहायचं, जे वाटलं ते नाही, ही त्यांची शिस्त. पाच रविवार, पाच ओळी, तारखेसकट: 'ममा दिथे के नो एस्ता.' सहाव्या रविवारी त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली आणि दुसऱ्या शब्दावर बोट ठेवलं. बाकीचे शब्द त्यांनी लावले होते. 'नो एस्ता' म्हणजे नाही, 'ममा' म्हणजे आई. हा मधला कशाचा?

"म्हणते," मी सांगितलं.

"कोन म्हनते?"

"आई म्हणते."

मी घाईघाईने माफी मागायला लागले, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, मुलगी रागात आहे, हळूहळू... त्यांनी तळवा वर करून मला थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख असेल असं मी धरून चालले होते, पण तिथे वेगळंच काही होतं.

"म्हंजे ती तिथंच हुभी होती," ते म्हणाले. "पाच रविवार. मॅडम, मला ऐकायला जवळ हुभी होती. तुमी सांगितलं असतं तर मी फोन ठेवला नसता. काहीतरी बोलत राहिलो असतो."

याच्याइतकं मला आयुष्यात कुणी रागावलं नाही आणि त्यांचा आवाज तर चढलाही नव्हता. मीटरवर जो आकडा आहे तो सांगायचा, चांगला की वाईट ते ज्याचा पंप आहे तो बघेल, एवढं म्हणून त्यांनी विषय मिटवला. माझा मात्र आजही मिटलेला नाही. माझ्या भलेपणाने त्यांचे पाच रविवार खाल्ले.

मग त्यांनी बेत बदलला. आता मुलीला फोनवर बोलवायचं नाही. मराठीत बोललं तर ती कापणार, कारण मराठी म्हणजे तिच्याशी बोलणं. पण आजोबा नातीला तिच्या भाषेत गोष्ट सांगत असतील, तर आईला आपलं काम करत उभं राहायला हरकत काय? ऐकायचं असेल तर ऐकेल, नाही तर नाही. त्यासाठी त्यांना एकच रूप राहिलं होतं, न घडलेल्या गोष्टीचं. थांबलो असतो. स्पॅनिशमध्ये त्याला तीन मजले चढून जावं लागतं. माझ्या वर्गातली निम्मी पोरं तिथवर पोचण्याआधीच गळतात. काका सहा आठवडे रोज चढले. पोरांना गोष्ट माहीत नव्हती, पण काहीतरी आहे एवढं त्यांना कळलं होतं. एकाने स्वतःच्या आवाजात सगळी रूपं रेकॉर्ड करून त्यांना दिली, दुसरीने विमान, घड्याळ, ऊन, जीप असे वीस शब्द लिहून दिले.

तो रविवार मला तपशिलासकट आठवतो. मी पुन्हा पडद्याबाहेर. नातीने फोन उचलला. मागे कुठेतरी नळ चालू होता, भांडी वाजत होती. काका म्हणाले, आज गोष्ट. टेबलावर तळवा ठेवला आणि सुरू झाले. आजी झोपली होती, ती उठणार नव्हती. आई विमानात होती. आई म्हणाली, थांबा. सगळे थांबले होते. मीपण थांबत होतो. ऊन होतं. आजोबाने घड्याळ बघितलं आणि चुकीचं मोजलं. तिथले पाच की इथले पाच. आजोबा थांबला नाही.

दुसरी क्रियापदं त्यांच्याकडे फार नव्हतीच. सगळी गोष्ट त्या एकावर उभी होती. म्हणून ते पुन्हा पुन्हा यायचं, दर वेळी वेगळ्या रूपात आणि एकही चुकलं नाही. शेवटी ते म्हणाले, मला माहीत असतं, तर "यो उबिएरा एस्पेरादो." मी थांबलो असतो.

मागचा नळ बंद झाला होता. केव्हा झाला ते मला कळलं नाही. नातीने मान वळवून बाजूला, वर पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे वळून तिने मुलांचा असतो तसा सरळ प्रश्न विचारला, कुठपर्यंत थांबला असतात?

"आस्ता ममा," काका म्हणाले. आईपर्यंत. व्याकरणाने ते वाक्य लंगडं आहे. मी दुरुस्त केलं नाही.

मग पलीकडून, पडद्याबाहेरून एका बाईचा आवाज आला, मराठीत. "बाबा, पाच म्हणजे आपले पाच होते."

"हो गं," काका म्हणाले. "आपलेच व्हते."

मी उठून बाहेर आले आणि दार लोटून घेतलं. वर्गाची पोरं यायला लागली होती, त्यांना मी कट्ट्यावरच बसवलं. त्या दिवशी वर्ग झाला नाही.

पुढच्या रविवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मग फोन आला. मॅडम, आता मराठीत चालतंय, म्हणाले. नात त्यांना नवे शब्द शिकवते, मुलगी डिसेंबरात तिला घेऊन येणार आहे, तेव्हा तुम्हाला जेवायला दिघ्याला यावंच लागेल. मी आनंदाने हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर रुसून बसले. शिकवणाऱ्याला वाटत असतं, आपलं काम झाल्यावरही माणूस येत राहावा. मी त्या खोलीत दर रविवारी आजही 'एस्पेराइस' लिहिते. कुणी विचारत नाही. त्यांच्यासारखं कुणी विचारावं म्हणून जीव तुटतो.

काका ऑक्टोबरातच गेले. सकाळी वंदना झाली आणि बसल्या जागी कलंडले. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर माझा नंबर होता, म्हणून मावशींनी मला कळवलं. मावशींकडून नंबर घेऊन तासाभरात मुलीचा फोन आला. आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो. उद्या अकराला उतरते, ती म्हणाली.

मी विचारलं, आपल्या घड्याळाने का? ती म्हणाली, आपल्याच.

दुसऱ्या दिवशी दिघ्याच्या त्या गल्लीत मी आठ वाजल्यापासून बसले होते. बर्फाची पेटी आणली होती. गावाकडून जीप आली होती. काकांचे थोरले भाऊ तापट गृहस्थ होते, वयाने थकलेले. सव्वादहाला ते उठले आणि म्हणाले, ऊन वाढतंय, लोकांना लांब जायचंय, आता आवरा. चारदोन माणसं उठलीही. मी आजवर परक्यांच्या मरणदारी कधी तोंड उघडलेलं नाही. पण उभी राहिले आणि म्हटलं, मुलगी येतेय. अकराला उतरेल, दीडपर्यंत इथे पोचेल, इथल्या घड्याळाने. थांबू या.

ते म्हणाले, आपण कोण?

काय सांगणार होते? मी म्हटलं, मी त्यांची मॅडम.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. तेवढ्यात मावशी पेटीजवळ खाली बसल्या. त्यांच्यामागे गल्लीतल्या बायका बसल्या, मग उठलेली माणसं बसली. भावांनीही खुर्ची सावलीत ओढली आणि बसले. कुणीतरी पाण्याचे ग्लास फिरवले. आम्ही सगळे साडेतीन तास तिथे होतो.

पावणेदोनला ती आली. लोक बाजूला झाले. ती त्यांच्या उशाशी बसली, पेटीच्या काचेवर तोंड टेकवून बोलायला लागली आणि बराच वेळ बोलत राहिली. कुणीही तिला आटप म्हटलं नाही.